वाटेतली घट

बापूजींना अठ्ठ्याहत्तरावे वर्ष लागले, तेव्हा त्यांनी एकच इच्छा बोलून दाखविली. तरुणपणी ज्या वाटेने ते माल घेऊन हिंडले, ती पेण ते रोहा ही वाट त्यांना पुन्हा एकदा सावकाश पाहावयाची होती. मोटारीने सकाळी जाऊन दुपारी परत येणे त्यांना नको होते. “वडखळच्या नाक्यावर थोडे थांबू, नागोठण्याला एक रात्र राहू, कोलाडला नदीकाठी एक रात्र काढू, आणि मग रोह्याला तुझ्या बहिणीकडे जाऊ,” असा त्यांनी कार्यक्रमच सांगितला. जुन्या आठवडी बाजारांच्या जागा त्यांना पाहावयाच्या होत्या. त्या ओळखीची माणसे आता फारशी उरलेली नाहीत हे त्यांना ठाऊक होते. पण जागा तर असतील, असे ते म्हणत.

वडीलधाऱ्यांना घेऊन प्रवासाला निघणे आपल्या घरांतून किती जिकिरीचे असते, हे वाचकांना सांगावयास नको. सूर्यास्तापूर्वी जेवण, उकळलेले पाणी, स्वतःची भांडी. हॉटेलच्या खोलीत यातले काहीच नीट जमत नाही. शिवाय बापूजींना गेली चार वर्षे स्लीप ॲप्नियाचा त्रास आहे. झोपेत श्वास अडतो, म्हणून रात्री नाकावर मुखवटा लावून सीपॅपचे यंत्र चालवावे लागते. बाला इन्सुलिन चालू आहे आणि तिच्या नव्या कुप्या थंड ठेवाव्या लागतात. म्हणजे स्वयंपाकघर हवे, थंडावा हवा आणि रात्रभर खात्रीची वीज हवी. हे सारे एकत्र मिळेल अशी एकच सोय मला सुचली. पुण्याच्या एका परिचितांचा कॅम्पिंगचा ट्रेलर विकावयाचा होता, तो मी घेतला.

ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडावयाची, दोन चाकांवरची एक लहानशी खोली. आत दोन बिछाने, मागील बाजूस गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज. आपल्या राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अशी वाहने अधूनमधून दिसू लागली आहेत. तरी पेणच्या आळीत ती नवलाईच होती. आमच्या गावाला गुंडाळलेल्या गणेशमूर्ती भरून जाणारे टेम्पो पाहण्याची सवय आहे. एका आजोबांनी मला गंभीरपणे विचारले, “यातून मूर्ती किती जातात?”

पावसाळा सरताच मी ट्रेलरची डागडुजी काढली. खाडीच्या दमट, खारट हवेने खालची लोखंडी चौकट तांबारली होती. तिला गंज घासून काळा गंजरोधक रंग देऊन घेतला. त्यासाठी काही नट-बोल्ट व तारांची टोके काढावी लागली होती, ती परत बसविण्याचे काम मी स्वतःच केले. मजुरीचे तीनशे रुपये वाचले, याचा मला थोडा अभिमानही वाटला. जुनी बॅटरी निकामी झाली होती. रोह्याच्या माझ्या मेहुण्यांच्या कापडाच्या दुकानाजवळ एका पंचविशीतल्या वायरमनने नुकतेच लहानसे दुकान टाकले होते. त्याच्याकडून मेहुण्यांनी १०० अँपिअर-तासांची नवी बॅटरी पाठविली.

ट्रेलरच्या विजेचा व्यवहार आपल्या पेढीवरच्या व्यवहारासारखाच असतो. बॅटरी ही तिजोरी. तिच्यात जमा दोन वाटांनी होते: मोटार चालू असताना मोटारीच्या अल्टरनेटरकडून, आणि कोठे मुक्काम असेल तेथे भिंतीतल्या खटक्यावर चार्जर लावून. नावे पडते ते फ्रिज, दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि इन्व्हर्टर यांच्या खात्यावर. फ्रिज चालू असताना चारएक अँपिअर घेतो, पण तो निम्मा वेळच चालतो. बापूजींचे यंत्र अडीच अँपिअर घेते. रात्रीचे अकरा तास धरले तर फ्रिजचे बावीस, यंत्राचे वीस, दिव्यांचे चार; सगळे मिळून शेहेचाळीस अँपिअर-तास होतात. या जातीची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे शंभरातले पन्नासच आपले. बाकीचे पन्नास हे राखीव मुद्दल समजावयाचे. कागदावर मेळ बसत होता, काठावर का होईना.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही निघालो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाची कहाणी येथे सांगत बसत नाही. ट्रेलरच्या चाकांनी ती खड्ड्याखड्ड्यांतून ऐकली. नागोठण्याला एका स्नेह्यांच्या अंगणात मुक्काम झाला. त्यांच्या ओसरीवरून तार घेतली, चार्जरचा हिरवा दिवा तासाभरातच लागला, आणि ‘बॅटरी भरली’ असे समजून मी निर्धास्त झोपलो. त्या रात्री बापूजींचे यंत्र थेट घरच्या विजेवर चालले. सकाळी मीटर लावून पाहिले तर १२.६ व्होल्ट. भरलेली बॅटरी इतकेच दाखवते. मी समाधानाने मीटर खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुकेळीची खिंड उतरून, खांबला चहासाठी थांबून, आम्ही कोलाडला कुंडलिकेच्या काठी एका ओळखीच्या शेतात ट्रेलर लावला. बापूजी फार आनंदात होते. ऊन कलण्याच्या आत बाने खिचडी-कढी केली, पाणी उकळून गार करून ठेवले. सूर्यास्ताबरोबर जेवणे उरकली. नदीचा खळखळाट ऐकत बापूजी बराच वेळ बाहेर खुर्चीवर बसले होते. दहा वाजता त्यांनी मुखवटा बांधला व ते झोपले.

अडीच वाजता मला जाग आली ती शांततेने. यंत्राची बारीक घरघर थांबली होती. इन्व्हर्टरने एक लांब शिटी वाजवून प्राण सोडला होता, ती शिटी बहुधा मी झोपेतच ऐकली असावी. टॉर्च लावून पाहतो तो बापूजी बिछान्यावर ताठ बसलेले, मुखवटा हातात, कपाळावर घाम. “काही नाही, थोडे गुदमरल्यासारखे झाले,” एवढेच ते म्हणाले. मग पहाटेपर्यंत ते आडवे झालेच नाहीत. शाल पांघरून खुर्चीत बसून राहिले. मी त्यांच्याजवळ बसलो. आम्ही फारसे बोललो नाही. फ्रिजही बंद पडला होता. बाने इन्सुलिनच्या कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या लोट्यात ठेवल्या.

त्या रात्री नदीकडे पाहताना माझ्या मनात जे आले, ते लिहिल्यावाचून राहवत नाही. कोलाडला कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती असते, आणि त्याचे कारण पाऊस नसून वीज आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून मोठमोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरते, तेथील चक्रे फिरविते आणि मग कुंडलिकेला मिळते. टाटांचे हे वीजगृह १९२७ सालापासून चालू आहे. त्याच्या आधी १९१५ साली खोपोलीचे आणि १९२२ साली भिवपुरीचे चालू झाले होते. तिन्ही आपल्याच जिल्ह्यातली, तेव्हा त्याला कुलाबा म्हणत. मुळशीच्या धरणाखाली गावे गेली, १९२१ साली तेथे सत्याग्रह झाला, सेनापती बापटांना त्याच लढ्याने ‘सेनापती’ केले. एवढे सारे होऊन वीज गेली ती मुंबईच्या गिरण्यांना. बापूजींच्या लहानपणी पेणच्या आमच्या दुकानात पेट्रोमॅक्स होती आणि तिची जाळी बदलण्याचे काम त्यांच्याकडे असे. आणि आता त्याच विजेचे पाणी पायांशी वाहत असताना, काठावर बसलेल्या माणसाच्या श्वासापुरती वीज माझ्याजवळ नव्हती.

सकाळी आम्ही थेट रोहा गाठले. माझ्या डोक्यात एकच विचार होता: बॅटरी खोटी दिली. महिन्याभराची नवी बॅटरी अर्धी रात्रही टिकत नाही, म्हणजे जुन्या मालावर नवा कागद चिकटवला. बहिणीच्या घरी बापूजींना झोपवून मी तडक त्या वायरमनच्या दुकानात गेलो. तीन-चार गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्यासमोर मी जे बोललो ते सगळे येथे लिहीत नाही. ‘नवा धंदा आहे, नाव आताच बुडवू नकोस,’ हे त्यातले सौम्य वाक्य.

तो मुलगा गोरामोरा झाला, पण वादाला उभा राहिला नाही. “शेठ, बॅटरी ठेवून जा, उद्या सांगतो,” म्हणाला. रात्रभर त्याने स्वतःचा चार्जर थेट बॅटरीच्या खुंट्यांना लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीच्या पुढच्या दिव्याचा ५५ वॉटचा बल्ब तिच्यावर पेटवला. मी सायंकाळी गेलो, तेव्हा तो दिवा दहा तास सलग जळत होता. त्याने मला मीटर दाखविला, बल्ब चालू असतानाही काटा १२ च्या आत गेला नव्हता. “बॅटरी खरी आहे, शेठ. एकदा ट्रेलरची वायरिंग बघू का?”

“वायरिंग मी स्वतः तपासली आहे,” मी म्हणालो.

त्यावर त्याने गल्ल्यातून पूर्ण रक्कम काढून माझ्यापुढे ठेवली आणि बॅटरी आत नेली. मी पैसे मोजून घेतले. मोजून घेतले, हे मला अजून आठवते.

पेणला परतल्यावर मी दुसऱ्या, मोठ्या दुकानातून तेवढीच नवी बॅटरी आणली, ट्रेलर अंगणात उभा केला आणि बापूजींच्या यंत्राऐवजी तेवढ्याच ताकदीचा दिवा लावून एक रात्र परीक्षा घेतली. तीन वाजता पुन्हा तीच शिटी. फ्रिज तर त्याआधीच टक् टक् करीत सुरू होण्याचा प्रयत्न करून दमला होता. मीटर लावला. थोडा वेळ सगळे बंद ठेवून पाहिले की बॅटरी बरे व्होल्ट दाखवी. फ्रिज लावला की तो चालेना. आता मात्र मी गोंधळलो. दोन दुकानांच्या दोन नव्या बॅटऱ्या एकाच वेळी खोट्या कशा असतील? मग मी चार्जरवर संशय घेतला, इन्व्हर्टरवर घेतला. फ्रिजवरही घेतला. नवा चार्जर मागवावा म्हणून किंमत काढली. दिव्याखाली तिघेही गुन्हेगार दिसत होते आणि पुरावा एकाविरुद्धही नव्हता.

बापूजी ओसरीवर बसून हे सारे दोन दिवस पाहत होते. त्यांना व्होल्ट-अँपिअरचे काही कळत नाही आणि कळते असा आवही ते आणीत नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले, “दीकरा, तू काय मोजतोस?”

“बॅटरीत किती आहे ते.”

“म्हणजे वखारीतली पोती मोजतोस. नागोठण्याहून शंभर निघाली, आपल्याकडे अठ्ठ्याण्णव उतरली, तर वखारीत उभे राहून काय कळणार? तेथून किती निघाले, येथे किती पोहोचले, आणि माल चालू असताना मोज. गाडी उभी असताना घट कशी दिसेल?” मग थोडे थांबून म्हणाले, “मी एकदा अशाच घटीसाठी हमालाला बोललो होतो.” पुढे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

मीटर हातात घेऊन मी पुन्हा ट्रेलरमध्ये शिरलो. आता त्यांच्या सांगण्याप्रमाणे केले. फ्रिज चालू ठेवला, म्हणजे माल वाटेवर आला. बॅटरीच्या खुंट्यांवर मोजले: १२.३ व्होल्ट. फ्रिजच्या मागच्या टोकांवर मोजले: १०.९. निघाले १२.३, पोहोचले १०.९. एक पूर्णांक चार व्होल्ट वाटेत नाहीसे! आमचा फ्रिज ११ च्या खाली गेला की आपणहून बंद होतो. फ्रिज बंद केला तर दोन्हीकडे सारखेच आकडे. प्रवाह नाही तर घटही नाही. मी इतके दिवस उभ्या गाडीची पोती मोजत होतो.

बारा व्होल्टच्या कारभारात ही घट इतकी जाचक का, ते समजून घेण्यासारखे आहे. शंभर वॉटचे काम २३० व्होल्टवर करावयाचे तर अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह पुरतो. तेच १२ व्होल्टवर करावयाचे तर आठ अँपिअरांहून अधिक लागतो. आणि तारेतली, सांध्यातली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: प्रवाह दुप्पट तर गळती चौपट. म्हणूनच खोपोलीची वीज मुंबईपर्यंत नेताना टाटांनी दाब सुमारे एक लाख व्होल्टपर्यंत चढविला होता. प्रवाह लहान राहिला, म्हणून एवढ्या लांबच्या वाटेत थोडेच सांडले. माझ्या ट्रेलरची वाट जेमतेम बारा फुटांची, पण दाब बाराचाच. तेथे एक सैल सांधाही पुष्कळ खातो.

घट कोठे आहे हे शोधण्याची रीत मोठी सोपी निघाली. ज्या तारेवर संशय आहे तिच्या दोन टोकांना मीटरच्या दोन सुया लावावयाच्या. तार निर्दोष असेल तर जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. जे दिसेल ती त्या तारेने खाल्लेली दलाली. धन बाजूस, बॅटरीपासून फ्रिजपर्यंत ०.२. तेवढे समजण्यासारखे होते, तार बारीक आहे. मग ऋण बाजू: १.२. चोर परतीच्या वाटेवर होता. ट्रेलरमध्ये ऋण बाजूला वेगळी तार नसून, मोटारीप्रमाणेच, खालची लोखंडी चौकट हीच परतीची वाट असते. रोजमेळात फरक आला की आपण मधल्या पानाची बेरीज आधी पडताळतो, तसे मी मध्यावर मोजावयाचे ठरविले. त्यासाठी सुईचे टोक चौकटीवर टेकवले, तर काहीच दिसेना. रंग खरवडला, धातू उघडा केला, तेव्हा कोठे आकडा आला. त्याच क्षणी मला कळावयास हवे होते, पण कळले नाही. मी मोजतच राहिलो. फ्रिजपासून चौकटीपर्यंत नगण्य. चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्य. चौकटीपासून बॅटरीच्या ऋण खुंटीपर्यंत १.१. मध्ये एकच बोल्ट. हात लावून पाहिला, तो कोमट लागला.

बोल्ट सोडवला. त्याच्याखाली काळा, चकचकीत, जाड गंजरोधक रंग होता. मीच रंगवून घेतलेला, मीच त्यावर तारेचे टोक ठेवून आवळलेले. रंग हा विजेला अडवणारा. बोल्टच्या आट्यांतून जो काय थोडा धातूला धातू टेकला होता, त्या चिंचोळ्या फटीतून सारा व्यवहार चालला होता. नागोठण्याच्या हिरव्या दिव्याचे कोडेही तेव्हाच सुटले. चार्जरची व मोटारीची जमाही याच बोल्टवरून बॅटरीत येत होती. चार्जर आपल्या दाराशी व्होल्ट मोजी. मध्ये अडथळा असल्याने ते तेथे लवकर चढत, आणि बिचाऱ्याला वाटे, पोते भरले. पोते पाऊण भरलेले असतानाच तो हिरवा दिवा लावून विश्रांती घेई. म्हणजे जमाही अपुरी आणि नावेही गळके. चार्जर काढल्याबरोबर मोजलेले व्होल्ट फुगलेले असतात, ते खरे मानू नयेत, हेही मला नंतर उमगले. चार्जर काढून, सगळे बंद ठेवून, तीन-चार तासांनी पाहावे.

पॉलिश-पेपरने जागा घासून चकाकविली, टोक घासले, पुन्हा आवळले. फ्रिज चालू करून मोजले: बोल्टवर ०.०२. खर्च, वीस रुपयांचा पॉलिश-पेपर.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचे कारण यंत्र नव्हते. संवत्सरीला आपण सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. हल्ली तर एकच संदेश शंभरांना जातो. परंतु भर बाजारात, जेथे बोललो तेथेच, तीन-चार माणसांच्या देखत ते म्हणावयाचे असेल तर पाय जड होतात. मी प्रथम मेहुण्यांकडून निरोप पाठवावा असे योजले. मग फोन करावा असे वाटले. बापूजींना विचारले, तर ते म्हणाले, “तू पैसे फोनवरून घेतले होतेस काय?”

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइके होती. ती जाईपर्यंत बाहेर थांबावे असा मोह झाला, तो आवरला. आत जाऊन म्हणालो, “त्या दिवशी मी चुकीचे बोललो. तुझी बॅटरी खरी होती. दोष माझ्या हातच्या कामात होता. मला क्षमा कर.” गिऱ्हाइकांपैकी एकजण त्या दिवशीचाच होता की काय, मला सांगता येत नाही.

त्या मुलाचे पहिले वाक्य असे: “अर्थिंगच होते ना? रंगाखाली?” मी मान हलविली. “त्या दिवशी सांगणार होतो,” तो म्हणाला, आणि नुसता हसला. त्याने आतून बॅटरी आणली. तिच्यावर खडूने माझ्या आडनावाचे अक्षर होते. परत आलेली बॅटरी नवी म्हणून विकणे त्याला पटले नव्हते आणि जुनी म्हणून घ्यावयास कोणी आले नव्हते. ती तशीच पडून होती, फक्त आठवड्याला एकदा तो चार्ज करीत होता. मी पूर्ण किंमत पुढे केली. तो काही कमी लावू पाहत होता, ते मी होऊ दिले नाही. या एका बाबतीत आमची थोडी हुज्जत झाली.

मग त्याने वायरिंगचे जे सांगितले, ते मी वहीत उतरवून घेतले आणि ज्यांच्याकडे असे वाहन आहे किंवा दुकानाचा-गोदामाचा इन्व्हर्टर आहे त्यांच्या उपयोगाचे आहे. परतीच्या वाटेसाठी चौकटीवर विसंबू नये. समुद्राजवळच्या हवेत गंज आज ना उद्या येणारच. धन-ऋण दोन्ही तारा ६ चौरस मिलिमीटरच्या, थेट बॅटरीपासून न्याव्या. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, म्हणजे वाटेत कोठे तार घासली तरी आग लागणार नाही. बोल्टखाली दातेरी वॉशर टाकावा, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासावी. आणि बापूजींच्या यंत्रासाठी इन्व्हर्टर मुळी नकोच. बाराचे दोनशे तीस करावयाचे आणि यंत्राच्या ॲडॅप्टरने ते पुन्हा उतरवावयाचे, यात दोनदा दलाली जाते. त्या यंत्राला थेट बारा व्होल्टवरून चालणारा ॲडॅप्टर मिळतो. शिवाय हवा दमट करण्याची त्यातली तापणारी पट्टी बंद ठेवली तर खप निम्म्यावर येतो. कोकणच्या हवेत तिची गरज ती काय! ही पट्टी त्या रात्री चालू होती हे मला तेव्हाच आठवले. माझ्या कागदावरच्या हिशेबात तिचे नावच नव्हते.

२३० व्होल्टच्या बाजूबद्दल मात्र त्याने हात जोडले. “ते तुम्ही उघडू नका, शेठ.” शेतावरच्या पंपाच्या खोलीतून तार घेतो, तेथे तीन पिनांचा खटका असतो पण अर्थची तार जोडलेलीच नसते, हे त्याने अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी ट्रेलरचे सारे लोखंडी अंगच जिवंत होऊ शकते. पायरीवर ओला पाय ठेवणाऱ्याला पहिला धक्का. म्हणून ट्रेलरच्या तोंडाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. लांब, बारीक एक्स्टेन्शनची तार गुंडाळलेली ठेवून चार्जर चालवला तर ती तापते, हेही त्यानेच दाखविले. पूर्ण उलगडून ठेवावी. मजुरीचे पैसे त्याने घेतले. तेथे मी घासाघीस केली नाही.

पेणहून आणलेली दुसरी बॅटरी आता आमच्या दुकानाच्या इन्व्हर्टरला लावली आहे. २०२० च्या निसर्ग वादळात किनाऱ्याकडच्या गावांतून कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हापासून ती तेथे हवीच होती. हा खर्च मी दुकानाच्या खात्यावर टाकू पाहिला, पण बापूजींनी तो माझ्या घरखर्चात टाकावयास लावला.

जानेवारीत आम्ही पुन्हा कोलाडला गेलो, त्याच शेतात, त्याच जागी. बापूजींनी जागा बदलू दिली नाही. संध्याकाळी बॅटरीवर १२.७ होते. जेवणे झाली, दिवे मालवले, बापूजींनी मुखवटा बांधला. मी झोपलो नाही असे म्हणणे खोटे होईल, पण अडीच वाजता आपोआप उठलो. घरघर चालू होती. फ्रिजचा तो ओळखीचा आवाज आला, थोडा वेळ राहिला, थांबला. बापूजी कुशीवर वळले.

सकाळी मीटरवर १२.२ होते. वरून पाणी सोडले असावे. पात्र चढू लागले होते आणि पलीकडे राफ्टिंगची मंडळी रबरी नावा घेऊन काठाशी जमत होती. बापूजी खुर्चीवर बसून बोटाने दाखवीत होते, की ते पूर्वी होडीने कोठून उतरत असत. नवकारशीची वेळ झाली तशी बाने आतून हाक मारून सांगितले की दूध चांगले गार राहिले आहे, चहा ठेवते.